नोकरी देणाऱ्यालाही प्रश्न विचारा : उड्डाण प्रशिक्षक होऊ पाहणाऱ्या मुलामुलींसाठी



२५ डिसेंबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी विमाने उडू लागली आणि आमच्या कामोठ्यात मुलांच्या स्वप्नांची दिशाच बदलली. पूर्वी दहावीनंतर विचारले की ‘डॉक्टर’, ‘इंजिनिअर’ किंवा ‘दुबईला मामूंकडे’ अशी उत्तरे यायची. आता सहावीतला मुलगाही गच्चीकडे बोट दाखवून ‘पायलट’ म्हणतो. पालकसभेत अम्मी-अब्बू विमानतळावरच्या नोकऱ्यांबद्दल विचारतात. सामान हाताळणी, सुरक्षा, तिकीट काउंटर, केबिन क्रू याबद्दल या सदरात आम्ही याआधी लिहिले आहे. या वेळी विषय थोडा वेगळा आहे. ज्यांच्या मुलाने किंवा मुलीने वैमानिकाचा परवाना मिळवला आहे आणि आता उड्डाण प्रशिक्षक म्हणून पहिली नोकरी धरायची आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहोत. अशी घरे आपल्या समाजात अजून मोजकी आहेत. पण ज्या घरात असा मुलगा आहे, त्या घराने त्याच्यासाठी जमीन विकलेली असते, अम्मीचे दागिने मोडलेले असतात, चाचा-मामांकडून कर्जे हसना घेतलेले असते. म्हणून हा विषय छोटा नाही.

हे काम नेमके काय?

व्यावसायिक वैमानिक परवान्यासाठी, म्हणजे सीपीएलसाठी, वय किमान १८, बारावीला भौतिकशास्त्र व गणित, वैद्यकीय तपासणी, लेखी परीक्षा आणि २०० तासांचे उड्डाण लागते. खर्च पन्नास लाखांच्या पुढे सहज जातो. परवाना हातात आला म्हणजे विमान कंपनीत खुर्ची मिळाली, असे मात्र नसते. मोठ्या विमानाचे टाइप रेटिंग वेगळे, त्याचा खर्च वेगळा, आणि भरतीची वाट पाहणे वेगळे. या मधल्या काळात अनेक मुले प्रशिक्षकाचे रेटिंग घेतात. पहिली पायरी सहायक उड्डाण प्रशिक्षकाची, म्हणजे एएफआयची. त्यावर उड्डाण प्रशिक्षक, म्हणजे एफआय. प्रत्येक संस्थेत सर्वांवर एक मुख्य उड्डाण प्रशिक्षक असतो, त्याला सीएफआय म्हणतात.

यात दोन फायदे आहेत. पगार सुरू होतो आणि उड्डाणाचे तास वाढतात. पुढे एटीपीएल, म्हणजे विमान कंपनीत कॅप्टन होण्यासाठी लागणारा परवाना, हवा असेल तर १५०० तास लागतात. स्वतःच्या पैशाने ते तास कोण भरणार? शिकवता शिकवता ते भरतात. काही जण पुढे विमान कंपनीत जातात, काही जण आयुष्यभर शिकवतात. दोन्ही वाटा इज्जतीच्या आहेत.

महाराष्ट्राला या कामाची जुनी ओळख आहे. बॉम्बे फ्लाइंग क्लब १९२८ मध्ये मुंबईत सुरू झाला. जे. आर. डी. टाटांना भारतातला पहिला वैमानिक परवाना मिळाला तो १० फेब्रुवारी १९२९ रोजी. आपल्या वाचक भगिनींसाठी आणखी एक नाव सांगतो. उर्दू कथा वाचणाऱ्या जुन्या पिढीला हिजाब इम्तियाज अली हे नाव माहीत असेल. या लेखिकेने १९३६ च्या सुमारास लाहोरच्या फ्लाइंग क्लबमधून वैमानिकाचा परवाना मिळवला होता. ‘आपल्या मुली आणि विमान?’ असे कोणी म्हटले तर त्यांना हे नाव सांगा.

आज शिकवण्याचे काम मोठ्या विमानतळावर चालत नाही. नवी मुंबईच्या धावपट्टीवर शिकाऊ विमान दिवसभर उतरणे-उडणे करत बसले तर प्रवासी विमानांनी जायचे कुठे? म्हणून हे काम बारामती, धुळे, शिरपूर, जळगाव, गोंदियाजवळचे बिरसी अशा ठिकाणी चालते. अमरावतीजवळ बेलोरा येथे एअर इंडियाने मोठी प्रशिक्षण संस्था जाहीर केली आहे. म्हणजे आपल्या मुलाला विमान दिसते कामोठ्यातून, पण नोकरी मिळेल ती घरापासून दोनशे, चारशे, आठशे किलोमीटरवर. हे आधी लक्षात घ्या, कारण पुढचे निम्मे प्रश्न त्यातूनच निघतात.

प्रश्न विचारणे ही बेअदबी नाही

आपल्या घरांत एक सवय आहे. मुलाला नोकरीचा फोन आला की अम्मी शुक्राना नमाज अदा करते, आणि मुलाला सांगितले जाते, ‘जास्त बोलू नकोस, जे देतील ते घे.’ पन्नास लाख घालून दोन वर्षे घरी बसलेल्या मुलाला तर हे सांगावेही लागत नाही. तो आधीच वाकलेला असतो. आणि वाकलेल्या माणसाकडून कशावरही सही घेता येते.

सूरह कसस मध्ये हजरत मूसा (अलै.) यांचा मदयनचा प्रसंग आठवा. परक्या मुलखात, हातात काही नसताना ते तिथे पोहोचले होते. त्यांना काम देणाऱ्या बुजुर्गांनी मुदत स्पष्ट सांगितली : आठ वर्षे बंधनाची, दहा पूर्ण केली तर ती तुमची मर्जी, आणि मी तुम्हाला त्रासात टाकू इच्छित नाही. मूसा (अलै.) यांनीही मुदतीबाबत आपली बाजू तोंडाने स्पष्ट केली, आणि दोघांनी अल्लाहला साक्षी ठेवले. गरजवंत असूनही अटी बोलून घेतल्या. देणाऱ्याने लपवले नाही, घेणाऱ्याने लाज धरली नाही. शिवाय कुरआनमधली सर्वांत लांब आयत, सूरह बकरामधली, ही उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. मग नोकरीच्या अटी विचारणे आणि लिहून मागणे यात संकोच कशाचा?

आता एकेक प्रश्न घेऊ.

१. विमाने किती आहेत, आणि आज उडण्याजोगी किती?

हे दोन वेगळे आकडे आहेत. माहितीपत्रकात दहा विमाने असतात, त्यातली चार हँगरमध्ये सुट्या भागांची वाट पाहत उभी असतात. म्हणून मुलाखतीच्या दिवशीच, नम्रपणे, विमाने पाहायची परवानगी मागा. विचारा : देखभाल संस्थेची स्वतःची आहे की बाहेरून येते? परवानाधारक अभियंता रोज तळावर असतो का? विमानातला दोष ज्या नोंदवहीत लिहितात ती टेक लॉग पाहता येईल का? दोष लिहिल्यावर तो दुरुस्त होईपर्यंत विमान थांबते की ‘उद्या बघू’ म्हणून उडते?

जिथे टेक लॉगमध्ये महिनोन्महिने एकही दोष लिहिलेला नाही, तिथे विमाने निर्दोष आहेत असे समजू नका. तिथे लिहिण्याची मनाई असण्याची शक्यता जास्त.

२. ‘आज उडायचे नाही’ हे कोण ठरवते?

आमच्या मते सगळ्या प्रश्नांत हा पहिला आहे. पगारापेक्षाही आधी.

१८ मार्च २०२३ रोजी बिरसीहून उडालेले एक शिकाऊ विमान शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातल्या डोंगरात कोसळले. प्रशिक्षक आणि शिकणारी मुलगी, दोघेही गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बारामती परिसरात चार दिवसांत दोन शिकाऊ विमाने कोसळली, त्यानंतर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, त्या संस्थेची उड्डाणे थांबवली. या घटना भीती घालण्यासाठी सांगत नाही. शिकाऊ विमानात दोन माणसे असतात, त्यातले एक अजून शिकत असते, आणि दुसऱ्यावर दोघांच्या जिवाची अमानत असते, एवढेच लक्षात यावे म्हणून सांगतो.

तर विचारा : ढग खाली आले, वारा आडवा वाहू लागला, विमानाचा आवाज नेहमीसारखा वाटला नाही, आणि प्रशिक्षकाने उड्डाण रद्द केले, तर त्याचा त्या दिवसाचा पैसा कापतात का? त्याला कारणे दाखवा नोटीस मिळते का? गेल्या महिन्यात प्रशिक्षकांच्या सांगण्यावरून किती उड्डाणे रद्द झाली? चांगला सीएफआय या प्रश्नाने खूश होतो. तो एखादे उदाहरण देतो. ‘आमच्याकडे असे प्रसंग येतच नाहीत’ हे उत्तर आले तर सावध व्हा.

याच्या जोडीने विचारा : चूक झाली, धावपट्टीवर विमान जोरात आपटले, तर ती कळवणाऱ्याला शिक्षा होते की त्यातून सगळ्यांना शिकवले जाते? शाळेत जसे काचेचा ग्लास फुटला हे सांगणाऱ्या मुलाला मारले तर पुढच्या वेळी तुकडे गालिच्याखाली जातात, तसेच इथेही होते. फरक इतकाच की इथे गालिच्याखाली काय गेले ते कोणाच्या तरी जनाज्यानंतर कळते.

३. एका प्रशिक्षकामागे विद्यार्थी किती, आणि विश्रांती किती?

आम्ही शिक्षक आहोत, म्हणून हा प्रश्न आम्हाला जवळचा आहे. वर्गात सत्तर मुले असली की शिकवणे होत नाही, हजेरी होते. विमानात एका वेळी एकच विद्यार्थी असला तरी दिवसात सहा विद्यार्थी आले तर सहाव्याच्या वाट्याला थकलेला प्रशिक्षक येतो.

आपल्या विमान नियमांत वैमानिकासाठी सलग ३० दिवसांत १२५ तासांच्या उड्डाणाची मर्यादा आहे. पण ही फक्त उड्डाणाची मर्यादा झाली. उड्डाणाआधीची माहिती, नंतरची उजळणी, जमिनीवरचे वर्ग, सिम्युलेटर, कागदपत्रे या सगळ्यांत दिवसाचे किती तास जातात ते वेगळे विचारा. आठवड्याची सुट्टी ठरलेली आहे की ‘हवा खराब असेल तो दिवस सुट्टी’? हवा खराब असताना तळावर बसून राहणे म्हणजे सुट्टी नव्हे.

४. पगार ठरलेला की तासावर? आणि पावसाळ्यात काय?

बऱ्याच ठिकाणी थोडा पगार ठरलेला आणि बाकी उड्डाणाच्या तासाप्रमाणे, अशी पद्धत असते. तासाचा दर ऐकून हुरळून जाऊ नका. आधी विचारा, तास कशाला म्हणता? चाकांखालचे ठोकळे काढल्यापासून पुन्हा लावेपर्यंत, की विमान जमिनीवरून उठल्यापासून टेकेपर्यंत? दिवसात चार उड्डाणे धरली तर या दोहोंतल्या फरकाने महिन्याच्या शेवटी मोठी रक्कम होते.

मग पावसाळा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ढगांमुळे शिकाऊ उड्डाण फार कमी होते. तासावर पगार असेल तर हे चार महिने खिसा रिकामा. म्हणून विचारा : किमान तासांची हमी आहे का? ती लेखी आहे का? गेल्या वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये इथल्या एएफआयच्या हातात सरासरी किती आले? जमिनीवरच्या वर्गाचे वेगळे देता की ते ‘कामाचा भाग’?

आणि एक प्रश्न शिक्षकी पेशातल्या लोकांना समजावून सांगावा लागत नाही : कागदावर जो आकडा आहे तोच बँकेत जमा होणार ना? घाम सुकण्याआधी मजुरी द्यावी ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. तेव्हा पगाराची तारीख कोणती आणि मागच्या सहा महिन्यांत ती पाळली का, हे विचारण्याचा हक्क आहे. भविष्य निर्वाह निधी कापतात का, हेही विचारा.

५. पुढची पायरी कशी चढणार?

सहायक प्रशिक्षक वरिष्ठाच्या देखरेखीखाली शिकवतो. त्याला पुढे पूर्ण प्रशिक्षक व्हायचे असते. त्यासाठी लागणारे शिकवण्याचे तास इथे किती काळात होतील? रेटिंगचा खर्च कोण करणार, आणि संस्थेने केला तर त्या बदल्यात काय बांधून घेणार? दोन इंजिनांच्या विमानावर आणि उपकरणांच्या मदतीने होणाऱ्या उड्डाणावर शिकवायची संधी मिळेल की ते तास सीएफआयच्या मर्जीतल्यांनाच?

बीएडला सराव पाठ घेताना मागच्या बाकावर एक निरीक्षक बसतो आणि नंतर सांगतो की फळा तुझ्या पाठीमागे झाकला गेला, मुलाला उत्तर द्यायला तू वेळच दिला नाहीस. त्या सांगण्यातूनच शिक्षक घडतो. म्हणून विचारा : नवीन प्रशिक्षकाबरोबर सुरुवातीला कोणी वरिष्ठ उडतो का? किती दिवस? की नेमणूक होताच दुसऱ्या दिवशी विद्यार्थी हातात? दुसऱ्या दिवशी विद्यार्थी मिळाला तर तास लवकर भरतील, हे खरे. पण दोनशे-अडीचशे तास उडालेल्या मुलाने चाळीस तास उडालेल्याला एकट्याच्या भरवशावर शिकवणे हा कोणाच्याच फायद्याचा सौदा नाही.

६. बाँड, मूळ कागदपत्रे आणि कोरा चेक

इथे घरातल्या मोठ्यांनी लक्ष घालावे. संस्था दोन-तीन वर्षांचा बाँड मागते, कारण तास भरले की प्रशिक्षक विमान कंपनीकडे पळतो आणि विद्यार्थी अर्ध्यावर राहतात. त्यांची ही अडचण खरी आहे. बाँड म्हणजे आपोआप जुलूम असेही नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांची किमान सेवा, नाहीतर दोन लाख रुपये, ही अट वैध ठरवली. तेव्हा ‘बाँडला काही अर्थ नसतो, करून टाक सही’ असे सांगणाऱ्या शेजाऱ्याचे ऐकू नका. सही केली की अर्थ असतो, आणि मुसलमानाने दिलेला शब्द हा शब्द असतो.

म्हणूनच सहीच्या आधी विचारा : मुदत किती? रक्कम किती, आणि जितकी सेवा झाली त्या प्रमाणात ती कमी होते का? संस्थेनेच पगार थकवला, विमाने बंद पडली, डीजीसीएने उड्डाणे थांबवली, तर बाँडमधून आम्ही मोकळे का? नोटीस कालावधी किती? नोकरी सोडताना अनुभवाचा दाखला आणि तासांची पडताळणी किती दिवसांत मिळते?

मूळ परवाना, मूळ गुणपत्रिका, सही केलेला कोरा चेक, ‘सुरक्षा ठेव’ म्हणून रोख रक्कम, यातले काहीही मागितले तर साफ नाही म्हणा. पडताळणीसाठी मूळ दाखवावे आणि परत घ्यावे, प्रत द्यावी. नवीन कामगार संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाल्या, त्यांत प्रत्येक कर्मचाऱ्याला नियुक्तिपत्र देणे बंधनकारक आहे. ‘आधी रुजू व्हा, पत्र नंतर’ हे चालणार नाही.

७. अपघात झाला, तब्येत बिघडली तर?

वैमानिकाची रोजीरोटी त्याच्या वैद्यकीय प्रमाणपत्रावर उभी असते. ते ठरावीक काळाने नवे करावे लागते. त्याचा खर्च कोणाचा? तात्पुरते अपात्र ठरल्यास जमिनीवरचे काम आणि पगार मिळतो का? विमानात बसणाऱ्या प्रशिक्षकाचा अपघात विमा किती रकमेचा आहे, आणि त्या कागदाची प्रत मिळेल का? विम्याच्या शरई बाजूबद्दल ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावे. पण संस्थेने आपल्या कर्मचाऱ्याची काय जबाबदारी घेतली आहे, हे जाणून घेणे सगळ्यांसाठीच आवश्यक आहे.

८. राहणे, खाणे, नमाज, आणि मुलींची काळजी

धावपट्ट्या गावाबाहेर असतात. खोली संस्था देते की आपण शोधायची? गावात आपल्या नावाला भाड्याने खोली मिळायला किती त्रास होतो, हे वाचकांना आम्ही सांगायला नको. म्हणून संस्थेची खोली असेल तर तिची किंमत पगारात धरा. मेसमध्ये काय शिजते, स्वतः शिजवायची सोय आहे का, हे विचारा.

जुम्म्याबद्दल मुले विचारायला लाजतात. असे विचारता येते : ‘शुक्रवारी दुपारी दीड तास मोकळा मिळाला तर मी सकाळी पहिल्या उड्डाणाला येईन.’ मागणीसोबत मोबदला सांगितला की ऐकणाऱ्यालाही सोपे जाते. रमजानचे मात्र गांभीर्याने बोला. एप्रिल-मेच्या उन्हात छोट्या विमानाची काचेची केबिन तापते. पुढच्या काही वर्षांत रमजान हिवाळ्याकडे सरकतो आहे ही सवलतच आहे, तरी उपाशी आणि तहानलेल्या अवस्थेत दुसऱ्याच्या जिवाची जबाबदारी घ्यायची का, हा प्रश्न उरतो. रमजानमध्ये उड्डाणे पहाटेच्या सत्रात आणि दुपारी जमिनीवरचे वर्ग, अशी विभागणी होते का ते आधीच विचारा. ज्या दिवशी अंगात बळ नाही त्या दिवशी उडू नका. मजबुरीत सवलत देणारा आपला दीन आहे, आपल्या आलिमांशी मशवरा करा.

मुलींसाठी आणखी काही प्रश्न. महिला प्रशिक्षक आधीपासून किती आहेत? राहण्याची जागा वेगळी व सुरक्षित आहे का? पहाटे तळावर जायला वाहन कोणाचे? स्कार्फ आणि गणवेश यांबद्दल संस्थेचा नियम काय? २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्ध अंतर्गत समिती असावी लागते. तिच्यात कोण आहे हे विचारा. नावे भिंतीवर लावलेली असतील तर चांगले. ‘समिती? बघावे लागेल’ असे उत्तर आले तर तुम्ही आणखी एक संस्था बघा. छोट्या विमानात शिकवणारा आणि शिकणारा तासन्‌तास खांद्याला खांदा लावून बसतात. तिथे नियम स्पष्ट असणे दोघांच्याही इज्जतीसाठी बरे.

९. माझी सही कशावर लागणार?

हा प्रश्न शेवटी ठेवला, कारण तो मुलाखतीत थेट विचारता येत नाही, पण उत्तर शोधावेच लागते. विद्यार्थी किती तास उडाला, कोणता सराव झाला, यावर प्रशिक्षकाची सही लागते. २०११ मध्ये आपल्या देशात बनावट गुणपत्रिका आणि न उडालेले तास दाखवून परवाने मिळवल्याची प्रकरणे उघड झाली होती, वैमानिकांना अटकाही झाल्या. जो तास आकाशात झालाच नाही तो वहीत कोणीतरी लिहिला होता, आणि त्याखाली कोणाची तरी सही होती.

सही ही शहादत आहे. खोट्या तासावर सही म्हणजे खोटी गवाही, आणि त्या गवाहीच्या भरवशावर उद्या शंभर-दीडशे प्रवासी विमानात बसणार. ‘सगळेच करतात, तूही कर’ असा दबाव पहिल्या महिन्यात येतो, कारण पहिल्या महिन्यात माणूस नवा असतो. म्हणून रुजू होण्याआधी तिथे काम सोडलेल्या दोन प्रशिक्षकांशी आणि तिथे शिकणाऱ्या दोन विद्यार्थ्यांशी बोला. विद्यार्थ्याला एकच विचारा : ‘तुझ्या वहीतले तास आणि तू उडालेले तास सारखे आहेत का?’ तो हसला तर उत्तर मिळाले.

विचारायचे कसे?

आधी घरी बसून माहिती काढा. डीजीसीएने १ ऑक्टोबर २०२५ पासून प्रशिक्षण संस्थांची श्रेणी जाहीर करायला सुरुवात केली आहे, वर्षातून दोनदा, एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये. कामगिरी, कामकाज, सुरक्षा, नियमपालन आणि विद्यार्थ्यांना मदत अशा बाबींवर गुण आहेत. पहिल्या यादीत देशातली एकही संस्था वरच्या ‘ए प्लस प्लस’ किंवा ‘ए’ श्रेणीत बसली नाही, सगळ्या ‘बी’ आणि ‘सी’मध्येच राहिल्या. तेव्हा श्रेणी पाहा, पण तेवढ्यावर थांबू नका. म्हणून तर हे प्रश्न.

मुलाखतीला अब्बूंनी सोबत जाऊन केबिनमध्ये बसू नये. विमान सोपवायचे आहे त्या माणसाने स्वतः बोलावे. प्रश्न लहान वहीत लिहून न्या. सगळे एकदम विचारू नका. आधी विमाने, सुरक्षा आणि शिकवणे यांबद्दल विचारा, पैसे आणि बाँड नंतर. घरी आल्यावर एक नम्र ईमेल पाठवा : ‘आज आपण सांगितले त्याप्रमाणे माझी समजूत अशी आहे...’ आणि मुद्दे लिहा. उत्तर आले तर पुरावा झाला. आले नाही तर तेही कळले.

कोणतीही संस्था सगळ्या प्रश्नांत पास होणार नाही. पगार थोडा कमी, खोली लहान, गाव लांब, यांत तडजोड करा. चार गोष्टींत करू नका : ‘आज उडायचे नाही’ म्हणण्याचा हक्क, देखभालीची खरी नोंद, खोट्या सहीला नकार, आणि मूळ कागदपत्रे आपल्याजवळ. यातली एक जरी नसेल तर घरी परत या. आई-वडिलांनी अशा वेळी ‘पन्नास लाख घातले आणि नोकरी सोडून आलास?’ असे म्हणू नये. पन्नास लाख पुन्हा मिळवता येतात. रिजक देणारा अल्लाह आहे, ती संस्था नाही.

आमच्या शाळेतली मुले विमान गेले की खिडकीकडे पाहतात, आणि आम्ही त्यांना रागावत नाही. त्यांतले कोणी उद्या शिकवणारेही व्हावे अशी आमची दुआ आहे. शिक्षकाचे काम जमिनीवर असो की आकाशात, समोरच्याला आपल्याशिवाय उभे राहता यावे एवढेच त्याचे उद्दिष्ट. विद्यार्थ्याला पहिल्यांदा एकट्याने विमान घेऊन जायला सांगून प्रशिक्षक खाली उतरतो आणि धावपट्टीच्या कडेला उभा राहून आकाशाकडे पाहतो. त्या पंधरा मिनिटांत त्याच्या मनात शंका राहू नये, अशी संस्था आपल्या मुलामुलींना मिळो. आमीन.